मिक्सर ओढणाऱ्या पिकअपला शॉकअप निवडताना

मागे स्लॅबचा मिक्सर जोडला की पिकअपची शेपटी बसते, आणि मालक गॅरेजमध्ये येऊन म्हणतो, "भाऊ, जरा कडक शॉकअप टाक." मीही एकदा हेच म्हणालो होतो. कडक शॉकअप पडले, शेपटी होती तिथेच राहिली, आणि रिकामी गाडी कुंभार्ली घाटात अशी आपटत उतरली की शेजारी बसलेला मिस्त्री चिपळूणला उतरून एसटीने गेला.

वजन पेलतात पाटे, म्हणजे एक्सलवरच्या कमानदार पोलादी पट्ट्या (लीफ स्प्रिंग). पाटा दबून परत उसळतो, त्या उसळीला लगाम घालतो शॉकअप. आतला पिस्टन तेलातून सरकतो, तेलाला बारीक भोकांतून जावं लागतं, आणि त्या अडथळ्यात उसळीची उष्णता होते. म्हणून शेपटी बसत असेल तर आधी पाटे तपासा: एखादं पान तुटलंय का, कमान सपाट झालीय का. शॉकअपचा खर्च त्यानंतर.

शॉकअप खरंच गेलाय का, हे ओळखायला माझी आवडती युक्ती हाताची आहे. खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, थांबून लगेच दोन्ही मागच्या शॉकअपांना हात लावून बघा (जपून, सायलेन्सर आणि ड्रम जवळच तापलेले असतात). एक गरम आणि दुसरा गार असेल तर गार असलेला काम करत नाही. अंगावरून तेल ओघळलेलं असेल किंवा टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा खात असेल, तरीही संशय शॉकअपवरच घ्या.

आता हुकावरचा भार. समजा मिक्सर ८०० किलोचा आहे आणि त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ८० किलो, हुकावर येतो. हुक मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे आणि दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर धरलं, तर मागच्या एक्सलवर ८० नव्हे, ११२ किलो पडतात. वरचे ३२ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. मिक्सर जोडल्यावर स्टिअरिंग हलकं लागतं आणि समोरच्यांच्या डोळ्यांत हेडलाइट जातो, तो यामुळे. मग शॉकअप फक्त मागचे बदलायचे की पुढचेही, हे ठरवताना पुढचेही तपासून घ्या. बदलायचे तर एका एक्सलची जोडीच बदला. एक नवा, एक जुना असं नको.

पुढचं काम टेप घेऊन गाडीखाली जायचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. सपाट जागेवर, नेहमीचा माल भरून आणि मिक्सर जोडून, शॉकअपच्या वरच्या बुशाच्या (टोकाच्या कडीतल्या रबराच्या) मध्यापासून खालच्या बुशाच्या मध्यापर्यंत माप घ्या. समजा ३८ सेंमी आलं. एक्सल आणि रबरी स्टॉपर यांच्यात ४ सेंमी जागा आहे, आणि स्टॉपर स्वतः २ सेंमी दबेल. राहिले ३२. बंद असताना शॉकअपची लांबी याहून कमीच हवी, नाहीतर खड्ड्यात स्टॉपरच्या आधी शॉकअपच आपटेल आणि आतला व्हॉल्व्ह फुटेल. मग मिक्सर सोडून, माल उतरवून, चॅसी जॅकवर उचला आणि चाकांना लोंबू द्या. त्या वेळी ४९ सेंमी भरलं तर पूर्ण उघडलेला शॉकअप निदान ५० चा हवा. दुकानात "सगळ्या पिकअपला हाच बसतो" असं ऐकवतात. बोलेरो पिकअपच घ्या, वेगवेगळ्या टनांचे प्रकार आहेत. तेव्हा पार्ट नंबर गाडीच्या कागदांवरून जुळवा. दोन्ही टोकांना डोळा (बोल्ट जाणारी कडी) आहे की एका टोकाला पिन, हेही बघून ठेवा.

पाटे वाढवलेले असतील तर दुकानदाराला नक्की सांगा. जाड पाटा परत उसळतोही जोरात, त्याला उलट्या खेपेला, म्हणजे उघडताना, जास्त अडवणारा शॉकअप लागतो.

प्रकाराबद्दल थोडक्यात: साध्या तेलाच्या शॉकअपात लांब घाटात तेलाला फेस येतो आणि लगाम ढिला पडतो. नायट्रोजन भरलेल्या शॉकअपात हे कमी होतं. एकनळीचा शॉकअप लवकर गार होतो, पण त्याचा पिस्टन थेट बाहेरच्या नळीत चालतो. साइटवरच्या दगडाने पोचा पडला की खेळ संपला. मी दोन नळ्यांचा, गॅसचाच घेतो.

बसवताना दोन गोष्टी मेकॅनिकच्या मागे लागून करून घ्या. दोन नळ्यांचा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून उघडायचा, म्हणजे आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. आणि बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. जॅकवर लोंबत असताना आवळले की बुशाचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पहिली मोठी फेरी झाली की पाना घेऊन पुन्हा एकदा खाली जा.