एमआरपी छापील, सूट तुमची: कंपनी विक्रीचा भाव किती ठरवू शकते?

पाकिटावर एमआरपी छापायचा अधिकार कंपनीचा. ती कमाल किंमत असते, सर्व कर धरून. तिच्या खाली किती उतरायचं हे माल विकत घेतलेल्या दुकानदाराने ठरवायचं. बहुतेक वाद या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे होतात.

आधी वरची मर्यादा पाहू. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांतला नियम १८ सांगतो की छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती किंमत खोडता, पुसता किंवा बदलताही येत नाही. गार पाण्याच्या बाटलीवर 'कूलिंग'चे दोन रुपये लावले की नियम मोडला. भाव कमी करायचा असेल तर कमी किमतीचं स्टिकर चालतं, पण मूळ एमआरपी त्याखाली झाकली जाता कामा नये. चढ्या किमतीचं स्टिकर दुकानदाराने लावूच नये. सेलमध्ये ३० टक्के सूट देऊन वर जीएसटी वेगळा लावणंही टाळा. एमआरपीत कर धरलेलाच असतो, आणि सूट दिलेल्या किमतीवर वेगळा कर आकारणं ही अनुचित प्रथा असल्याचं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं आहे. हॉटेलात बसून प्यायलेल्या बाटलीची गोष्ट निराळी. तिथे सेवाही दिली जाते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हॉटेलांना एमआरपीच्या बंधनातून वगळलं.

खरी अडचण येते खालच्या मर्यादेची. 'अमुक भावाखाली विकलंत तर माल बंद' असं वितरक बजावतो, तेव्हा स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ३(४) उघडून बघा. पुनर्विक्रीची किंमत बांधून देणारा करार त्यात येतो. त्यापेक्षा कमी भावाने विकायची मुभा करारात स्पष्ट लिहिलेली असेल, तर गोष्ट वेगळी. मात्र असा प्रत्येक करार आपोआप बेकायदा ठरत नाही. त्यामुळे स्पर्धेला लक्षणीय बाध येतो हे दाखवावं लागतं.

मारुती सुझुकीचं प्रकरण दुकानदारांनी नीट समजून घ्यावं, कारण त्याची सुरुवात मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा या विभागातल्या एका डीलरच्या निनावी ईमेलने झाली. कंपनीने ठरवलेल्या ऑफरपेक्षा जास्त सूट द्यायला डीलरांना मनाई होती. गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये पाठवलेली माणसं गुपचूप रेकॉर्डिंग करत, आणि जास्त सूट सापडली की डीलरशिपबरोबर तिथल्या कर्मचाऱ्यांनाही दंड होई. ही डीलरांची आपसातली व्यवस्था आहे, हा कंपनीचा बचाव स्पर्धा आयोगाने ईमेलांच्या आधारे फेटाळला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये २०० कोटींचा दंड केला. कंपनी अपिलात गेली. उलट ह्युंदाईला २०१७ मध्ये झालेला ८७ कोटींचा दंड पुढच्याच वर्षी अपिलात रद्द झाला. आयोगाने पुराव्याची स्वतंत्र छाननी केली नाही, असं अपील न्यायाधिकरणाचं म्हणणं होतं.

म्हणून पुरावा पहिल्या दिवसापासून जमवा. धमकी फोनवर आली तर लगेच लेखी विचारा: 'आपण सांगितलेला किमान भाव बंधनकारक आहे का, कृपया कळवावे.' व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तर, दंडाची डेबिट नोट, बंद केलेली स्कीम, नाकारलेल्या ऑर्डरी हे सगळं तारखेसह ठेवा. आधी करार वाचून घ्या. तुम्ही माल विकत घेता की कन्साइनमेंटवर ठेवता? माल कंपनीच्याच मालकीचा असेल आणि तुम्ही फक्त एजंट असाल, तर ती पुनर्विक्री होत नाही आणि हा मुद्दा टिकणं कठीण. स्पर्धा आयोगाकडे 'माहिती', म्हणजे तक्रार, दाखल करायची मुदत कारण घडल्यापासून तीन वर्षं. नाव गुप्त ठेवण्याची विनंतीही करता येते.

एका बाबतीत मात्र दुकानदारच अडचणीत येतात. 'गावात कुणी १० टक्क्यांवर सूट द्यायची नाही' असा ठराव व्यापारी संघटनेने केला, तर तो कलम ३(३) खाली येतो, आणि तिथे स्पर्धेला बाध येतो हे कायदा गृहीतच धरतो. औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर आयोगाने कारवाई केलेली आहे. अशा ठरावावर सही करू नका, ग्रुपवर 'ओके' म्हणू नका, आणि असहमती लेखी कळवा.