घरात लेथ बसवताना: आधी टेबल, मग टूल

मला लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापणारं मशीन, हवासा वाटला तो दुर्बिणीमुळे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बीण तयार करण्याची कार्यशाळा केली, सहा इंची आरसा हाताने घासून पूर्ण झाला आणि घोडं अडलं ते आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बसवायच्या नळीपाशी. आयपीसचा दांडा सव्वा इंचाचा, म्हणजे 31.75 मिमी. नळीत तो अलगद सरकावा, पण आत गेल्यावर डुगडुगू नये, एवढंच काम. भोसरीतल्या दोन-तीन वर्कशॉपमध्ये विचारलं. एका नगासाठी मशीन अडकवून ठेवणं त्यांना परवडत नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं रास्तच होतं. मग म्हटलं, आपणच शिकू.

लेथ घेताना दोन वाटा असतात. एक म्हणजे जुना साडेचार फुटी लेथ. बिडाचा जडशीळ, नीट सांभाळलेला असेल तर दोन पिढ्या चालेल असा. पण तो बघताना टूल वाहून नेणाऱ्या कॅरेजची जिब (ढिलेपणा काढायची पट्टी) चकजवळ, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यांजवळ, हलकी घट्ट करा आणि कॅरेज दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉकपर्यंत फिरवत न्या. पुढे जाऊन अडकायला लागली, तर बेड, म्हणजे कॅरेज सरकते तो पाया, चकजवळ झिजलाय असं समजा. आटे पाडायचे बदली गिअर सगळे आहेत का, तेही मोजून घ्या. जुन्या मशीनचे दोन-चार हमखास गायब असतात. त्याची मोटर बहुधा थ्री फेज असते. घरच्या सिंगल फेजवर ती व्हीएफडी (सिंगल फेजपासून थ्री फेज देणारा ड्राइव्ह) लावून चालते, मात्र असा व्हीएफडी 230 व्होल्टच देतो. त्यामुळे 415 व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली मोटर डेल्टामध्ये बदलून घ्यावी लागते. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय त्याला सोडू नका.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, म्हणून मी दुसरी वाट धरली: नवा मिनी लेथ. 180 मिमीचा स्विंग (बेडवर फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास), हेडस्टॉक आणि टेलस्टॉकच्या दोन सेंटरमध्ये 350 मिमी, वजन चाळीसेक किलो. दोघांनी उचलून जिन्याने वर नेला.

आणि पहिले दोन महिने फुकट गेले. एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, 25 मिमी बारवर टूल लावलं की मशीन किंचाळायचं आणि पृष्ठभागावर खवल्यांसारख्या लाटा उठायच्या. स्पीड कमी केला, टूल बदललं, महागडे कार्बाइड इन्सर्ट आणले. फरक शून्य. शेवटी आमच्याच सोसायटीतल्या एका निवृत्त टर्नरकाकांना वर बोलावलं. उभी हयात लेथवर गेलेला माणूस. त्यांनी मशीन चालू करायला सांगितलं आणि डोळे मिटून एक तळवा हेडस्टॉकवर (चक फिरवणाऱ्या भागावर), दुसरा टेबलावर ठेवला. म्हणाले, "अरे, मशीन ठीक आहे. टेबल नाचतंय. आणि टूल एवढं बाहेर कशाला काढलंस?"

हे वाक्य मला प्रत्येक नवशिक्याच्या कानात घालावंसं वाटतं. लहान लेथवर निम्म्याहून जास्त अडचणी मजबुतीच्या असतात, धारेच्या नंतर. मी लोखंडी अँगलची चौकट वेल्ड करून घेतली, वर कडप्प्याची जाड फरशी बसवली, चौकट भिंतीला बोल्टने पकडली आणि लेथ फरशीतून आरपार बोल्ट टाकून बसवला. बोल्ट मात्र एकदम करकचून आवळू नका. बेडला पीळ बसतो. पीळ आहे का ते बघायची सोपी रीत अशी: चकमध्ये जाडसर बार धरून चारेक इंच बाहेर ठेवायचा, टेलस्टॉक न लावता दोन्ही टोकांना एकाच सेटिंगवर हलका कट घ्यायचा आणि दोन्हीकडचा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा. फरक आला तर पायाखाली पातळ पत्रा सरकवून पुन्हा कट. माझ्याकडे पाच फेऱ्या झाल्या. त्या रविवारी दुसरं काहीच केलं नाही, पण तेव्हापासून मशीन शांत आहे.

टूल पोस्टमधून टूल गरजेपुरतंच बाहेर ठेवा. आणि त्याचं टोक बरोबर सेंटरवर, म्हणजे बारच्या मधल्या अक्षाच्या उंचीवर, हवं. काकांनी शिकवलेली युक्ती: गोल बार आणि टूलचं टोक यांच्यामध्ये सहा इंची स्टीलची पातळ पट्टी हलकेच दाबून धरायची. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरवर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. खाली असेल तर हॅकसॉ ब्लेडचे तुकडे पॅकिंगला घाला. फेसिंग करताना, म्हणजे बारचं टोक सपाट करताना, मध्यभागी बारीक टेंगूळ उरलं, तर सेंटर अजून जुळलेलं नाही.

स्पीडचा हिशोब पाठ करा. एचएसएस (हायस्पीड स्टील) टूल आणि एमएस असेल तर कापण्याचा वेग मिनिटाला 25 मीटर धरा. 25 ला 1000 ने गुणायचं आणि 3.14 गुणिले मिमीमधल्या व्यासाने भागायचं. 25 मिमीच्या बारला मिनिटाला 318 फेरे येतात, म्हणजे 300 वर ठेवा. ॲल्युमिनियमला याच्या दुप्पट-तिप्पट चालतं. टूलला धातू चिकटायला लागला तर ब्रशने थोडं रॉकेल लावा.

माझी पहिली नळी वाया गेली ती टूल सरकवायच्या चाकावरच्या डायलमुळे. 0.2 मिमी व्यास वाढवायचा होता, मी डायलवर 0.2 फिरवलं आणि भोक 0.4 ने मोठं झालं. कित्येक लेथवर डायल त्रिज्या दाखवतो. आपल्या मशीनवर काय आहे ते पहिल्याच दिवशी कट घेऊन, मोजून लिहून ठेवा. दुसऱ्या वेळी गरम नळी मोजायला गेलो तेव्हा काकांनी हात धरला. 32 मिमीचं ॲल्युमिनियम 30 अंशांनी तापलं तर साधारण 0.02 मिमी फुगतं. चहा घेऊन आलो, मग मोजलं.

सुरक्षेबद्दल मला तडजोड मान्य नाही. चकची चावी चकमध्ये असेपर्यंत हात तिच्यावरून काढायचा नाही. हातमोजे नकोत, अंगठी नको, लांब बाही नको, ओढणी नको. मनगटावरचा गंडा, राखी, देवळातला लाल दोरा काढून ठेवा. मन होत नसेल तर त्या दिवशी लेथ लावू नका. लांब वेटोळी चिप हाताने ओढायची नाही, त्यासाठी तारेचा आकडा ठेवा. सुरक्षेचा चष्मा डोळ्यांवर चढल्याशिवाय स्विचला हात लावू नका.

माझा जेवढा खर्च मशीनवर झाला, त्याच्या निम्मा बाकीच्या सामानावर झाला. त्यात आधी घ्यायच्या वस्तू म्हणजे बेंच ग्राइंडर, चांगला व्हर्निअर आणि चार जबड्यांचा चक. एचएसएसच्या कांडीवर स्वतः धार लावायला शिका. कोणता धातू टूलला कसा सोडतो हे त्यातूनच कळायला लागतं. ज्यांना हे पोटापाण्यासाठी करायचंय त्यांनी घरी वेळ घालवू नये. दहावीनंतर आयटीआयचा टर्नर ट्रेड दोन वर्षांचा आहे, तिथे मशीन रोज हाताखाली असतं.

पावसाळ्यात बेडवर दोन दिवसांत तांबूस डाग येतात. काम संपलं की ब्रशने चिप्स झाडा, सुती फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा आणि वर जुनी चादर टाका. प्लॅस्टिक नको, त्याखाली दमटपणा कोंडतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी चक उतरवून त्याच्या मागची बाजूसुद्धा पुसून घेतो.