अमेरिकेतल्या पहिल्या पक्षांचा माग कसा काढावा

स्थापनेची तारीख शोधत बसू नका, ती सापडणार नाही. हॅमिल्टनचे फेडरलिस्ट काय किंवा जेफरसनचे रिपब्लिकन काय, कुणाचाच स्थापना मेळावा झाला नाही. पक्ष आधी प्रतिनिधिगृहातल्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या) मतदानात दिसले, मग वर्तमानपत्रांत, आणि सर्वांत शेवटी निवडणुकीत. अभ्यासही त्याच क्रमाने करा.

आधी तक्ता आखा. डावीकडे प्रतिनिधिगृहातल्या सदस्याचे नाव आणि राज्य, पुढे तीन रकाने: जुलै १७९० मधले राज्यांच्या कर्जांवरचे मतदान (३४ विरुद्ध २८), फेब्रुवारी १७९१ मधले राष्ट्रीय बँकेच्या स्थापनेवरचे (३९ विरुद्ध २०) आणि एप्रिल १७९६ मधले ब्रिटनशी झालेल्या ‘जे करारा’च्या (Jay Treaty) खर्चावरचे (५१ विरुद्ध ४८). पहिल्या रकान्यात हमखास घोळ होतो. राज्यांची कर्जे केंद्राने घ्यावीत ही अर्थमंत्री हॅमिल्टनची योजना एप्रिलमध्ये ३१ विरुद्ध २९ अशी पडली होती. पोटोमॅक नदीकाठी राजधानी नेण्याचा सौदा झाला आणि व्हर्जिनियाचे व्हाइट आणि ली, मेरीलँडचे कॅरोल आणि गेल असे चौघे फिरले. ही नावे वेगळ्या रंगात लिहा. या एका मतावरून त्यांना फेडरलिस्ट ठरवाल तर पुढचे सगळे गणित चुकेल. बँकेच्या रकान्यात मात्र रेषा स्वच्छ दिसते: विरोधातली बहुतेक मते मेरीलँडपासून जॉर्जियापर्यंतची.

तिसऱ्या रकान्यात बरीच नावे नवी असतील. सुरुवातीला ६५ असलेल्या जागा १७९३ पासून १०५ झाल्या होत्या. अशा वेळी राज्यवार तुलना करा.

नावांवरून निष्कर्ष काढू नका. १७८८ मध्ये राज्यघटनेचे समर्थक ते फेडरलिस्ट. त्यांच्यात मॅडिसन आघाडीवर होता, आणि तोच १७९१ पासून हॅमिल्टनच्या विरोधकांचा म्होरक्या झाला. आजचा रिपब्लिकन पक्ष तर १८५४ चा.

वर्तमानपत्रे जोडीने वाचा. एकीकडे फेडरलिस्टांच्या बाजूचे फेनोचे ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’, दुसरीकडे ऑक्टोबर १७९१ मध्ये निघालेले, रिपब्लिकनांच्या बाजूचे फ्रेनोचे ‘नॅशनल गॅझेट’. पैसा कुठून येत होता तेही पाहा: जेफरसनने आपल्या परराष्ट्र खात्यात फ्रेनोला वर्षाला २५० डॉलरवर अनुवादक नेमले होते, तर फेनोला सरकारी छपाईची कामे मिळत होती. १७९३ मध्ये फ्रान्स-ब्रिटन युद्ध पेटल्यावर दोन्हीकडची भाषा किती कडवट होते, ते तारखांसह टिपा.

शेवटी निर्वाचकांची, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींची मते. प्रत्येकाला दोन मते असत, पण अध्यक्षासाठी कोणते आणि उपाध्यक्षासाठी कोणते हे सांगायची सोय नव्हती. त्यामुळे शिस्त थेट मोजता येते. व्हर्जिनिया घ्या. १७९६ मध्ये तिथल्या २१ निर्वाचकांपैकी २० जणांनी जेफरसनला मत दिले, पण त्याच्या सोबतचा उमेदवार एरन बर याला एकच. १५ मते सॅम्युएल ॲडम्सकडे गेली. १८०० मध्ये दोघांनाही पूर्ण २१. चारच वर्षांतली ही झेप, आणि माझ्या मते पक्ष बांधला गेल्याचा याहून भक्कम पुरावा नाही. हीच शिस्त अंगाशी आली: देशभरात दोघांनाही ७३-७३ मते पडली, निकाल प्रतिनिधिगृहात गेला आणि ३६ व्या फेरीत जेफरसन निवडून आला. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांची मते वेगळी केली, म्हणून ही मोजपट्टी १८०० च्या पुढे लावू नका.