चाळिशीत गुडघा झिजल्यास सांधा बदलण्यापूर्वी काय तपासावे

माडावर चढणारा पाडेली असो वा दिवसभर चिऱ्यांची ने-आण करणारा कामगार, चाळिशीतच गुडघा झिजला आणि सांधा बदलण्याचा सल्ला मिळाला, तर होकार देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: झीज सांध्याच्या एकाच बाजूला आहे की सर्वत्र? तरुण वयात बसवलेला कृत्रिम सांधा हयातीत पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता अधिक असते, आणि ती दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते.

उत्तराचा अंदाज घरीच घेता येतो. घोटे जुळवून आरशासमोर उभे राहावे. गुडघ्यांमध्ये फट राहत असेल, तर पाय धनुष्यासारखे बाकलेले असून शरीराचा भार सांध्याच्या आतल्या बाजूवर पडत असतो. दुखणारी जागा एका बोटाने नेमकी दाखवता येते, की सगळ्या गुडघ्यावरून तळहात फिरवावा लागतो, हेही पाहावे. निर्णय मात्र उभे राहून काढलेल्या, खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या लांब एक्स-रेवरच व्हावा. झोपवून काढलेल्या फिल्मवर भाराची रेषा दिसत नाही.

झीज आतल्या बाजूपुरतीच असेल, गुडघा चांगला वाकत असेल, वजन आटोक्यात असेल आणि आमवात नसेल, तर हाय टिबियल ऑस्टिऑटॉमीचा, म्हणजे हाड कापून पायाचा बाक सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेचा, विचार आवर्जून करावा. नडगीच्या हाडाला गुडघ्याखाली आतल्या बाजूने काप देतात, बाहेरच्या कडेचे साधारण सेंटिमीटरभर हाड बिजागरीसारखे शाबूत ठेवतात, काप काही मिलिमीटर हळूहळू उघडतात आणि प्लेट-स्क्रूने पक्का करतात. भार झिजलेल्या बाजूवरून निरोगी बाजूकडे सरकतो, आणि सांधा स्वतःचाच राहतो. निवड योग्य असेल तर अनेकांना दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ दिलासा मिळतो. पुढे सांधा बदलण्याचा मार्गही खुला राहतो. गुडघे आत वळून एकमेकांना घासत असतील, तर हीच दुरुस्ती बहुधा मांडीच्या हाडात करतात.

कूर्चेला, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, केवळ खड्डा पडला असेल, तर मायक्रोफ्रॅक्चर (तिथल्या हाडाला बारीक छिद्रे पाडणे) किंवा कूर्चेचे रोपण उपयोगी पडते. सर्वत्र पसरलेल्या झिजेवर नाही. नुसत्या झिजेसाठी दुर्बिणीने सांधा धुऊन घेण्यास माझा स्पष्ट नकार आहे: २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत अशा धुण्याचा लाभ केवळ त्वचेला छेद दिलेल्या रुग्णांपेक्षा अधिक आढळला नव्हता.

ऑस्टिऑटॉमी ठरली, तर तंबाखू ओढणाऱ्याने ती आधीच सोडावी, कारण तिने हाड जुळण्यास विलंब होतो. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी आणि हाड न जुळणे या धोक्यांविषयी मोकळेपणाने विचारावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अन्यत्र दाखल होताना ही शस्त्रक्रिया गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेच्या यादीत बसते का, हेही लेखी विचारून घ्यावे. नंतर साधारण सहा आठवडे कुबड्या लागतात. म्हणून शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या असलेल्या घरी, शक्य असेल तर, पावसाळा टाळूनच तारीख घ्यावी.