हॉस्टेलला जाताना चटणी लहान पाकिटांत

पोरगं गुवाहाटी नाहीतर खरगपूरला निघालं की आपण किलोभर लसणाची चटणी एका डब्यात कोंबतो, पण तिकडच्या दमट हवेत खोबरं लवकर खवट होतं आणि तसंही डबा उघडला की रूममेट पहिल्याच रात्री फडशा पाडतात. त्यापेक्षा मेतकूट, शेंगदाण्याची चटणी छोट्या झिपच्या पाकिटांत भरा, एका वेळी एकच फोडायचं. मेतकूट बेस्ट, मेसच्या गिळगिळीत भातावर दोन चमचे आणि थोडं तूप, झालं जेवण. विमानाने जाणार असाल तर सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत नकोत, पेट घेतं म्हणून चेक-इनला अडवतात. आणि हो, पातळ गोधडी द्याच, ट्रेनमध्येपण कामाला येते.