कॅरव्हॅनची भिंत फुगली तर

गोव्याच्या पावसात कॅरव्हॅनच्या (चाकांवरच्या घराच्या) खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी मुरतं आणि फायबरचा थर आतल्या फोमपासून सुटून फुगतो. अख्खं पॅनल बदलायची घाई नको.

१. नाण्याने ठोकत जा. ‘टकटक’चं ‘ढबढब’ झालं की तिथे पोकळी. पेन्सिलने खूण करा.

२. आधी गळती बंद करा. मग फक्त वरच्या थराला ३ मिमीची भोकं पाडून आतला भाग पूर्ण सुकू द्या. आमच्या म्हापशाच्या दमट हवेत आठवडेही लागतात, पण ओल्यावर काहीच धरत नाही.

३. सिरिंजने त्या भोकांतून इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) भरा. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर प्लायवूड, आणि २४ तास घट्ट टेकू.

होड्यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन नकोच. आत थर्माकोल असेल तर त्या रेझिनमधलं स्टायरीन तो विरघळवून टाकतं.