पैलवानासोबत वर्षभर: माहितीपटाआधीची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पैलवानावर वर्षभराचा माहितीपट करायचा असेल, तर जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरू नका. गावोगावच्या जत्रांची मैदानं दिवाळीनंतर रंगात येतात ती वैशाखापर्यंत. पावसाळ्यात मैदानं थंडावतात आणि तालमीतली मेहनत वाढते. उन्हाळ्यात फड गाजवणारा घिस्सा किंवा एकेरी पट हा डाव आधी याच पावसात घोटलेला असतो. म्हणून सुरुवात जूनमध्ये करा आणि चित्रीकरणाचे निम्मे दिवस मैदानाबाहेरच्या गोष्टींसाठी राखा: जोर-बैठका, खुराक, घरची शेती, कुस्ती ठरवायला येणारे जत्रा कमिटीचे फोन. हे दिवस राखले नाहीत, तर शेवटी हातात ढीगभर कुस्त्या राहतात आणि पैलवान कोण होता तेच कळत नाही.

एकाच पैलवानावर विसंबू नका. गुडघ्याचा लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया झाली, तर पुन्हा लढायला साधारण नऊ महिने तरी जातात, म्हणजे तुमचं वर्ष संपलंच. तिघे धरा: मोठ्या इनामाच्या कुस्त्या करणारा एक, क्रीडा वसतिगृहातला किंवा लष्करी भरतीच्या आशेवरचा एक आणि शक्य असेल तर एक मुलगी. प्रत्येकाची नोंदणी कोणत्या राज्याच्या संघटनेकडे आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा. सराव कोल्हापूरच्या तालमीत आणि स्पर्धा कर्नाटकातून, अशी इथल्या अनेकांची विभागणी असते. वर्षाचं वेळापत्रक त्यावरच बसतं.

परवानगी आधी वस्तादांची, मग पैलवानाची. अठराच्या आतल्या मुलांसाठी आई-वडिलांची सही हवीच. संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा. चिकोडी-अथणीकडे पुष्कळ पालक कन्नडच वाचतात. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: दुखापत झाल्यास काय दाखवायचं, इनामाचे आकडे दाखवायचे का, आणि मध्येच नको वाटलं तर थांबायचं कसं. खुराकाला हातभार लावायचा असेल तर रक्कम आधीच लिहून ठेवा. जिंकल्यावर जादा पैसे देऊ नका. कॅमेऱ्यासाठी कुस्ती जोडायला तर अजिबात सांगू नका. तशी एक कुस्ती झाली की बाकीच्या खऱ्या कुस्त्यांवरही संशय येतो.

तालमीत चपला बाहेर आणि ट्रायपॉडचे पाय धुतलेले. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेवर पाय देण्याआधी विचारा. तुमच्या चमूत बाई असेल तर आत यायला चालेल का, हे आदल्या दिवशीच बोलून घ्या. पहाटेचा सराव ट्यूबलाइटखाली असतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा, संथगतीसाठी 50 फ्रेम आणि 1/100. शटर 1/200 वर नेलं की चित्रात पट्टे फिरतात. लाल मातीत तेल, ताक, हळद कालवलेली असते, त्यामुळे धूळ चिकट होते. लेन्सवर साधा फिल्टर लावा आणि माती खाली बसेपर्यंत लेन्स बदलू नका. लंगोटावरच्या पैलवानाला कॉलर माइक लावता येत नाही, घामाने तो बंदही पडतो. कडेला काठीवर शॉटगन माइक धरा. श्वास आणि मांडीवरची थाप त्यातच येते.

मैदानाची तयारी सगळ्यांत जास्त. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की संपलं. मातीत चितपट हाच खरा निकाल, वेळ कमिटी ठरवते. कुस्ती वीस सेकंदांत निकाली होईल किंवा अर्धा तास खडाखडीत, म्हणजे उभ्यानेच एकमेकांना अजमावण्यात, जाईल. म्हणून हातात माती घेतल्यापासून पंचाने हात वर करेपर्यंत रेकॉर्डिंग बंद करायचं नाही. दोन कॅमेरे एकमेकांना काटकोनात ठेवा. एकाच बाजूने पाहिलं तर खांदे टेकले की नाही हे नेमकं पंचाच्या पाठीआड जातं. एक कॅमेरा सात-आठ फूट उंचीवर हवा, कारण ढाकेसारखा डाव लागला की अख्खी गर्दी उभी राहते. ही चौकट रुंद ठेवा. जवळची चौकट लावून डाव पकडायला गेलात तर नुसते पाय मिळतात. मोठी कुस्ती बहुधा अंधार पडल्यावर लागते, तेव्हा f/2.8 ची लेन्स आणि भरलेल्या बॅटऱ्या तिच्यासाठी राखा. हलगी कडाडली की आवाज फाटतो. तोच आवाज दुसऱ्या चॅनेलवर 12 डेसिबल कमी ठेवून घ्या. निवेदक मराठी-कन्नड मिसळून बोलतो, म्हणून दोन्ही भाषा येणारा माणूस त्याच रात्री नोंदी काढायला बसवा.

100 मेगाबिट प्रति सेकंद वेगाने तासाला 45 जीबी लागतात. 128 जीबीचं कार्ड पावणेतीन तास पुरतं. रोज तीन तासांचं चित्रण, असे साठ दिवस, म्हणजे 8 टीबीच्या वर. प्रत दुप्पट धरा आणि दोन डिस्क दोन घरांत ठेवा.

ड्रोनचा बेत असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-नकाशा पाहा. सांबऱ्याचा विमानतळ, हवाई दलाचं केंद्र आणि कॅम्पातला लष्करी भाग जवळ आहे. 1 नोव्हेंबरच्या आसपास आणि कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगाव अधिवेशनात सीमावादामुळे कोगनोळीच्या सीमानाक्यावरून बस बंद पडू शकतात. त्या दिवसांत कोल्हापूरला कुस्ती असेल तर आदल्या दिवशीच पलीकडे मुक्काम ठरवून ठेवा.